तारांचं पाणी

नवरा गेल्यानंतर त्याच्या बँडचा ड्रमर पहिल्यांदाच घरी आला, तो बेस गिटार विकत घ्यायला.

"नव्या वाजवणाऱ्याकडे स्वतःची गिटार नाही, वहिनी. आणि नवीच्या किमती तर विचारूच नका. शनिवारी कार्यक्रम आहे."

मी आतून गिटार आणून दिली. त्याने एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "आवाज पार बसलाय. तारांचा नवा सेट घ्यायचा, तर शनिवारची बिदागी त्यातच जाईल."

"मग उकळा की, भावजी," म्हणत मी दुधाचंच पातेलं पाणी भरून गॅसवर चढवलं.

आमच्या घरात हे नवीन नव्हतं. वाजवून वाजवून बोटांचा घाम नि मळ तारांच्या वेढ्यांत बसतो, उकळल्या की सुटतो. नवरा माझ्या दुधाच्या पातेल्यातच उकळायचा. मी कावले की हसायचा, "अगं, माझ्या बोटांचा काढा आहे तो!" मी नाक मुरडून मोरीत ओतून द्यायचे.

तारा निघाल्या, उकळल्या, पुसून पुन्हा चढल्या. गिटार नवऱ्याच्या अँपला जोडून वाजवल्यावर मांडणीतल्या वाट्या पूर्वीसारख्या थरथरल्या. ड्रमरने गिटार पिशवीत घातली. मग पैसे ठेवून उठला.

"पातेलं विसळून देऊ का, वहिनी? पाणी अगदी काळं झालंय."

"नको. असू द्या."

तो गेल्यावर मी पातेल्यावर झाकण ठेवलं. संध्याकाळी दूध चहाच्या भांड्यात तापवलं.