सर थांबेनात

ठरली होती सायकलवरून कॉलेजच्या आवाराला एकच फेरी. पण प्राचार्य मंडपापाशी आले आणि न थांबता तसेच पुढे निघून गेले.

संस्थेचे अध्यक्ष पुष्पगुच्छ पुढे करून उभे होते, ते उभेच राहिले. "सरांचं लक्ष नसेल," असं म्हणून त्यांनी गुच्छ खुर्चीवर ठेवला.

मागून सायकलवर येणारी खारूताईही गोंधळली. ही पर्यावरण मंडळाची सेक्रेटरी. सदानकदा झाडांखाली, म्हणून कॉलेजने तिचं हे नाव ठेवलेलं. सायकलफेरीचा घाट तिनेच घातला होता. ग्रंथालयामागची झाडं तोडून तिथे गाड्यांसाठी पार्किंग करायचं अध्यक्षांनी ठरवलं होतं. मुलं सायकलने आली तर पार्किंग लागणारच नाही, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. "कोण येतंय सायकलने? दाखवा मला," असं अध्यक्ष म्हणाले. आज ते बघायला आले होते आणि येताना कंत्राटदारालाही घेऊन आले होते. निकाल त्यांनी गृहीतच धरला होता.

त्यांचं काही चुकतही नव्हतं. मंडळाची मूठभर पोरं सोडली तर सायकलवर कुणी नव्हतं. बाकी सगळं कॉलेज पायऱ्यांवर बसून मजा बघत होतं.

प्राचार्यांकडून तर खारूताईला काडीचीही आशा नव्हती. माणूस म्हणून सर लाख, पण अध्यक्षांपुढे त्यांची मान फक्त वरखाली हलायची. आडवी हललेली कुणी पाहिली नव्हती. राहायला आवारातच, त्यामुळे बंगला ते ऑफिस एवढाच त्यांचा प्रवास, तोही पायी. "फेरीच्या पुढे राहाल का, सर?" असं तिने आपलं विचारून पाहिलं होतं. सर चक्क हो म्हणाले. कुणालाच नाही म्हणता न येण्याचा त्यांचा गुण कधी नव्हे तो कामी आला, असं तिला वाटलं. आज सकाळी शिपायाने पोर्चच्या पायरीशी सायकल धरली, सर ऐटीत बसले आणि निघाले.

दुसऱ्या वेळी अध्यक्षांनी हात वर केला. सरांनी बघितलंही नाही. मान ताठ, नजर समोर, दोन्ही मुठी हँडलवर आवळलेल्या. कॉपी पकडतानाही त्यांचा चेहरा एवढा कठोर झाला नसेल.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी उपप्राचार्यांना विचारलं.

"आंदोलन दिसतंय," उपप्राचार्य हळूच म्हणाले. "लोक उपोषणाला बसतात, सर सायकलवर बसलेत."

हे पायऱ्यांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? सर झाडांसाठी हट्टाला पेटलेत! साठीला आलेला माणूस घामाने निथळत चकरा मारतोय आणि आपण इथे बसून फोटो काढतोय, याची कुणाला तरी लाज वाटली. एक उठला, मग त्याचा अख्खा घोळका उठला. वसतिगृहामागे गंजत पडलेल्या सायकली बाहेर निघाल्या. कुणी डबलसीट, कुणाची चेन दर वळणावर पडतेय, कुणाच्या सीटचा पत्ता नाही. बघता बघता रस्ता भरून गेला. रांग एवढी लांबली की पुढे निघालेले सर तिच्या शेपटाला मागून गाठू लागले, आणि पोरं ओरडून एकमेकांना बाजूला करू लागली.

आता अध्यक्षांना घाम फुटला. सर चक्कर येऊन पडले तर नाव कुणाचं खराब होणार? ते मंडपातून उठून रस्त्याच्या कडेला आले.

"सर, थांबा! निम्मी झाडं ठेवू!"

सर पुढे.

"निम्म्यावर राजी नाहीत," उपप्राचार्य म्हणाले.

पुढच्या वेळी अध्यक्ष रस्त्याच्या मधोमधच उभे राहिले. "बरं, सगळी झाडं ठेवली! आता तरी उतरा!"

सर सरळ त्यांच्यावरच आले. अध्यक्षांनी बाजूला उडी मारली म्हणून वाचले. आजवर या माणसासमोर कुणी आवाज चढवला नव्हता आणि सर थेट सायकल घेऊन अंगावर गेले! पायऱ्यांवर उरलेल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"आणखी हवंय तरी काय यांना?" अध्यक्ष कपडे झटकत कंत्राटदारावरच खेकसले. "तुम्ही निघा आधी. नाही करायचं पार्किंग!"

कंत्राटदार गेला. सर पुन्हा वळणावर दिसताच अध्यक्षांनी चक्क हात जोडले. "सर, सायकलींना शेड बांधून देतो! पक्की! सगळ्यांसमोर शब्द देतो!"

सर गेले ते गेलेच.

खारूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला आपण मिळमिळीत म्हणत होतो! तिला स्वतःचाच राग आला आणि सरांचा इतका अभिमान वाटला की पायात बळ संचारलं. जोरजोरात पायडल मारत तिने सरांना गाठलं.

"सर, जिंकलो आपण! सगळी झाडं वाचली, वर शेडही मिळाली. आता थांबा ना, सर!"

सरांनी मान वळवली नाही. ओठही जेमतेम हलले.

"तू आधी बंगल्यावर जा आणि आमच्या हिला घेऊन ये," ते म्हणाले. "तिने मला नुसतं चालवायला शिकवलंय. उतरायचं आज संध्याकाळी शिकवणार होती."