सावल्या पडेपर्यंत

मालनबाईंनी जुन्या कॉम्प्युटरचा डबा पदरानं पुसला, त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याची विजेची वायर ओढून काढून वेटोळं करून आपल्या पिशवीत ठेवली.

"ती पण द्यायची असते, आत्याबाई," सुकन्या म्हणाली. "डब्याबरोबर."

"जनावर द्यावं. दावं देत न्हाईत, ते घरच्या खुंटीला ऱ्हातं," मालनबाई म्हणाल्या आणि डब्यावर हात फिरवला. "लई राबलास बाबा."

डबा दाराशी पोत्यावर ठेवला होता. नव्याच्या बदल्यात दुकानाचा माणूस दुपारी येऊन तो नेणार होता. डब्याशेजारी मालनबाईंची पिशवी होती. त्याही दुपारच्याच गाडीनं गावी, सोनईला निघाल्या होत्या. थंडी सरेपर्यंत केडगावला सुनेकडे राहीन म्हणाल्या होत्या. पण काल नवा लॅपटॉप घरात आला आणि रात्रीच त्यांनी पिशवी भरली. सुकन्यानं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आता हितं माझं काय काम. सुकन्याला राहा म्हणायचं होतं. पण त्यांचं घर तिकडं, गाय तिकडं. कोणत्या तोंडानं अडवायचं?

सकाळी सुप्याला कामावर जाण्याआधी सुकन्याच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, आईला दोन्ही यंत्रं समजावून सांगितली होती, बाजारात बैल पारखावा तशी. जुन्याचा प्रोसेसर चार कोअरचा, म्हणजे चार हातांनी काम करणारा. तेवढ्या कामाला तो वीज ढोसायचा, तापायचा, आणि त्याला गार करायला आतला पंखा गिरणीसारखा घरघरायचा. नव्याला दहा हात. वीज घोटभर पुरते. आवाज नाही, आणि हात लावावा तर गार. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की म्हंजी ह्यो तापतच न्हाई का. आईला बरोबर कळलं म्हणून आदिनाथ खुशीत गाडीला किक मारून गेला.

सुकन्या बांधकामवाल्यांना घरांची चित्रं करून देई. घर काढून झालं की कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा. मग तो आपला आपण त्या घरावर ऊन पाडायचा, झाडाखाली सावली अंथरायचा, भिंतींना रंग चढवायचा. जुन्याला त्यात तासच्या तास जात. मधेच हात लावला तर अडकून बसे. म्हणून सून तेवढा वेळ मोकळी. मालनबाई मेथीची जुडी घेऊन टेबलाशी फरशीवर बसत आणि पाय खालच्या डब्याच्या मागच्या जाळीशी लावत. जाळीतून गरम वारा येई. टाचांच्या भेगांना बरं वाटे. पडद्यावरची हिरवी पट्टी काठोकाठ भरली की काम झालं, एवढं त्यांना कळत होतं. पट्टी भरली की त्या भाकरी टाकायला उठत.

त्या वाऱ्याशी सासूशेजारी बसून सुकन्याला कळलं होतं, की मालनबाईंच्या माहेरी दारात शेवगा होता. की आदिनाथच्या आधी एक मुलगी होती, आणि तिचं नाव घरात कुणी घेत नाही. आणि सुकन्याच्या पोटातलं राहिलं नाही, त्या आठवड्यात ती तिथंच रडली होती. मालनबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली होती आणि तिचे पाय ओढून आपल्या पायांशेजारी जाळीपुढं घेतले होते. डबा घरघरत होता. त्या दिवशी तो लवकर थांबू नये असं सुकन्याला वाटलं होतं, आणि तो थांबला नव्हता.

आता टेबलावर लॅपटॉप उघडा होता. एक बंगला काढून तयार होता, नव्या यंत्रावरचा पहिलाच. निघण्याआधी बघून तरी जा, असं सुकन्या म्हणाली. मालनबाई सवयीनं मेथी घेऊन फरशीवर बसल्या आणि सवयीनंच त्यांनी पाय पुढं केले. पुढं नुसती फरशी. त्यांनी पाय ओढून लुगड्यात घेतले.

सुकन्यानं हुकूम सोडला. बंगल्यावर ऊन आलं. कुंपणाशी सावली उतरली. आवाज नाही, ऊब नाही. अर्धी जुडीही खुडून झाली नव्हती, तोवर पट्टी भरली.

सुकन्या पडद्याकडं बघत राहिली. सगळी सकाळ तशीच्या तशी तिच्या हातात उरली होती. तिनं जरा वेळानं लॅपटॉपच्या कडेवर हलकेच हात ठेवला, मघाशी मालनबाईंनी डब्यावर फिरवला तसा. मग खुर्ची मागं सारून ती खाली फरशीवर आली, खुर्चीच्या पाठीवरल्या शालीची घडी मोडून दोघींच्या पायांवर टाकली आणि जुडीतली थोडी मेथी आपल्याकडं ओढली.

"झालं का गं त्याचं?" मालनबाईंनी विचारलं.

"नाही, आत्याबाई. अजून वेळ लागेल."

मालनबाईंनी मान वर करून पडद्याकडं बघितलं. पट्टी काठोकाठ भरलेली. बंगल्याच्या अंगणात सावली निवांत पडलेली. बराच वेळ त्या तिकडं बघत होत्या. मग त्यांनी हात लांबवून पिशवीतलं वायरीचं वेटोळं काढलं आणि सुकन्याच्या मांडीवर ठेवलं, हितल्याच खुंटीला अडकव म्हणून.

"लागू दे," त्या पान खुडत म्हणाल्या. "नवं हाय. शिकंल हळूहळू."