आखूड फ्रॉक

इग्बो-ओरा गावात जुळ्यांतलं एक मूल गेलं की त्याची बाहुली करतात आणि तिला जित्या लेकरासारखं न्हाऊ-माखू घालतात. बाहुल्या करणारी अबोसेदे त्या लाकडाच्या नाही, पॉलिमर क्ले या कृत्रिम मातीच्या करायची. बाहुली ओव्हनमधून निघाली की गाल अगदी खऱ्या पोरीचे वाटायचे. जुळ्या बहिणींतली तायवो गेल्यापासून तिची आई दरवर्षी मागे राहिलेल्या केहिंदेला माप द्यायला आणायची आणि नवी बाहुली करून न्यायची. बहिणीबरोबर बाहुलीही मोठी व्हायला नको का!

यंदा टेप लावल्यावर अबोसेदेनं वही दोनदा पाहिली.

"अगं बाई, पोर वर्षभरात बोटभरही वाढली नाही. खायला घालतेस की नाही?"

"घालते की ताई, पोटभर घालते. पण पहिला घास बहिणीला द्यायचा, ही आपली रीत. ही तर अर्धं ताट तिच्यापुढे सरकवते."

"अन् ती मातीची बया जेवते होय?" अबोसेदे हसली. "माप तेच आहे, मग नवी कशाला? जुनीच काढ, फ्रॉक तेवढा बदलून देते."

"ताट रिकामं होतं, मावशी," केहिंदे हळूच म्हणाली.

आईनं बाहुलीला पाठीवर बांधलेलं फडकं सोडलं.



अबोसेदेनं गेल्या वर्षी टाचांपर्यंत शिवलेला फ्रॉक बाहुलीच्या गुडघ्यांच्याही वर गेला होता.