फक्त वाचायला

लग्न महिन्यावर आलं तरी अर्पिता झरी गावातल्या घरात बसून एका कंपनीचे आरपीजी या जुन्या भाषेतले प्रोग्राम दुरुस्त करत होती. तिनं कपाळ धरलेलं पाहून सुमनआजीनं विचारलं, "काय बिघडलंय गं?"

"एका प्रोग्रामनं दुसऱ्याला हाक मारली अन् नाव वापरायला दिलं. त्यानं बदलूनच टाकलं, आज्जी. आता पहिल्याकडं बी बदललेलंच दिसायलंय."

"अस्सल नावच दिलं वाटतं हातात. नक्कल द्यावी की!"

अर्पिता हसली. "तुला बरं कळलं!"

"माहेरी पिंगळीला माझं नाव सोजर. इथं लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुमन लिहिलं. तवा मला अक्षर येत न्हवतं, काय लिहिलं ते विचारावं लागलं. पाचव्या दिवशी माहेरी गेले, तर आई दारातूनच म्हणाली, आलीस का सुमन?"

अर्पिताचे हात थांबले. लग्नात तिचं नवं नाव काय ठेवायचं, हे विचारणारा सासरचा निरोप कालपासून फोनवर तसाच पडून होता.

"मग तुमच्यात इलाज काय करतात?" आजीनं विचारलं.

"एक शब्द जोडायचा. मग समोरच्याला नाव वाचता येतं, बदलता येत न्हाई."

आजीनं फोन तिच्यापुढं सरकवला. "पाव्हण्यांना बी तेच लिही."