दोन्हीकडचा कापूस

पैठण मागं पडलं, गोदावरीचा पूल ओलांडला आणि रस्ता सरळ झाला. शेवगावपर्यंत आता सगळं सपाट रान. कडूबानं गाडीचा वेग वाढवला आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा तो बोलला.

"कापूस लई फुटलाय गं यंदा. दोन्हीकडं नुसतं पांढरंफेक."

आशाबाईनं काचेतून बाहेर पाहिलं. डावीकडं सौरऊर्जेचे पॅनेल होते. उजवीकडंही तेच. तारेच्या कुंपणापलीकडं काळ्या-निळ्या पाट्यांच्या रांगा, नजर पोचेल तिथपर्यंत. कापसाचं एक झाड कुठं नव्हतं.

तिला वाटलं, नवरा चेष्टा करतोय. ती हसली. कडूबा हसला नाही. मान जराही न हलवता तो समोर बघत होता.

बत्तीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती, त्यातली निम्मी याच रस्त्यावर. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. आज दोघं लेकीला, मोनिकाला, पहिल्या बाळंतपणाला शेवगावहून माहेरी आणायला निघाली होती. जावई म्हणाला होता, मी आणून सोडतो. कडूबानं ऐकलं नव्हतं.

"अहो, हा कापूस कुणाचा म्हणायचा?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हा? हा समदा नानासाहेबाचा. पार त्या लिंबापर्यंत."

लिंबाचं झाड कुठंच नव्हतं. पहाटे पाचला, शहर झोपेत असताना निघायची याची घाई तिला आठवली. आपल्याला वाटलं, उन्हाच्या आत पोचायचं असेल.

तेवढ्यात डाव्या अंगानं, शेतातल्या वाटेवरून एक ट्रॅक्टर रस्त्याकडं चढताना दिसला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. चांगला लांबून दिसत होता. कडूबानं वेग कमी केला नाही. ट्रॅक्टरचं तोंड डांबरावर आलं, तरी नाही.

"अहो, ट्रॅक्टर!"

ब्रेक करकचून लागला. आशाबाईचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. काचेसमोर नुसता ऊस.

"ओ काका, दिसत नाय का?" ट्रॅक्टरवाला ओरडला आणि तसाच पुढं निघून गेला.

आशाबाईनं वाकून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. मग तिनं आपला हात कडूबाच्या डाव्या कानाजवळ नेला आणि बोटं हलवली.

"माझा हात कुठंय?"

कडूबा समोर बघत राहिला. "कोणता हात?"

तिनं हात खाली घेतला. तोच म्हणाला, "काचबिंदू हाय. डॉक्टरनं वरसापूर्वी सांगितलं. समोरचं दिसतं मला, आशा. बाजूचं गेलं. बाजूचं मी ध्यानातलं धरून चालतो."

"वरीस झालं?"

"सांगितलं असतं तर गाडी इकायला लावली असती तुम्ही."

"आन् येताना? पोटुशी लेक मागं बसली असती. तवा बी ध्यानातलंच धरून चालणार होता?"

कडूबानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "या रस्त्याला काय होत नाय, असं वाटलं मला," तो म्हणाला.

"गाडी मधीच उभी हाय, निदान कडंला तरी घेऊ दे," म्हणत त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"ढकलू," आशाबाई म्हणाली.

स्टिअरिंग सुटावं म्हणून तिनं किल्ली नुसती लावली, इंजिन चालू केलं नाही. त्यानं उतरून मागून जोर लावला, तिनं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवलं. गाडी धुरळ्यात जाऊन उभी राहिली, तशी तिनं किल्ली काढून पदराच्या टोकाला बांधली. मग आशाबाईनं जावयाला फोन लावला. "शिवराज, मोनिकाला घेऊन तुमीच या. व्हय, पैठणच्या फुडं. आमची गाडी बंद पडलीय." कडूबा शेजारी उभा राहून ऐकत होता.

शेवगावकडून एसटी आली. त्यांना ओलांडून थोडी पुढं गेली आणि थांबली. खिडकीतून ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. तो ओवैस होता. नोकरीला लागला तेव्हा कडूबाच्या शेजारी बसून त्यानं हा रस्ता शिकला होता.

"उस्ताद! गाडी बसली काय?"

"व्हय बाबा," कडूबाच्या आधी आशाबाई बोलली. "बंद पडलीय."

"थांबा, पाच मिनटात बघतो." ओवैस बस चालूच ठेवून खाली उतरला आणि रस्ता ओलांडून आला. "भाभी, चावी द्या."

आशाबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती.

"देऊ नको त्याला," कडूबा म्हणाला. "गाडीला काय झालं नाय, ओवैस. माझे डोळे चाललेत. आत्ता उसाच्या ट्रॉलीत घालत होतो हिला."

ओवैस कडूबाच्या बाजूला आला आणि त्याचा दंड धरायला त्यानं हात लावला. कडूबा दचकला.

"तिथं नको उभा राहू," तो म्हणाला. "समोर ये. समोर अजून दिसतोस."

ओवैस समोर येऊन उभा राहिला. कडूबा त्याच्याकडं, त्याच्या खाकी कपड्यांकडं बघत राहिला. पलीकडं एसटीचं इंजिन चालूच होतं.