गुहागरचा हात

पोर्तोच्या दवाखान्यात हेमलताबाई पोट धरून बसल्या होत्या. "परक्या मुलखात भरवशाचा डॉक्टर कुठला मिळायला!" असं त्या सकाळपासून मुलीला ऐकवत होत्या. मृणालने काउंटरवर हळूच एक नाव सांगितलं.

आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. देशोदेशीच्या डॉक्टरांची तपासण्याची पद्धत या मोज्यांत साठवलेली होती. नाव सांगितलं, की मोजे त्या डॉक्टरांसारखे चालत.

मोजे पोटाजवळ आले, थबकले आणि एकमेकांवर चोळले गेले.

"मोजे तर गरमच असतात," डॉक्टरीणबाई गोंधळून म्हणाल्या. हेमलताबाईंच्या कानातल्या यंत्राने ते मराठीत सांगितलं. "मग हे कशासाठी?"

हेमलताबाईंना मात्र ठाऊक होतं. त्यांचे यजमान गुहागरला दवाखाना चालवायचे. गार हात लागून पेशंट दचकू नये, म्हणून तपासण्याआधी ते तळवे असेच चोळायचे. गेल्या वर्षी ते गेले.

मोज्यांनी पोट सावकाश चाचपलं.

"काळजी नको, नुसता गॅस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून दुखतंय?"

कळ केव्हाच ओसरली होती.

"हो," हेमलताबाई डोळे मिटून म्हणाल्या. "परत एकदा बघा ना."