ब्रेकचा पिवळा दिवा

अण्णांच्या जुन्या गाडीत ब्रेकचा पिवळा दिवा पुन्हा लागला आणि संशय तडक जावयावर गेला. त्याचा गाडीवर कधीचा डोळा होता. ब्रेकचं तेल पुरेसं होतं. अण्णांनी जॅक लावून चाक उतरवलं. बायको नेहमीसारखी बॅटरीचा उजेड धरून उभी होती. चाकामागची सेन्सरची वायर तुटलेली नव्हती. कुणीतरी तिची पिन सोडवून, धूळ लागू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी दोऱ्यानं बांधली होती. घातपात करणारा एवढा नीटनेटका? तशी सुरगाठ घरात साखरेच्या पिशवीला असायची. "तू?" "मोतीबिंदू काढा, मग चालवा, हे सांगून घसा कोरडा पडला. माझं ऐकत नाही, दिव्याचं मात्र ऐकता, तो लागला की गाडी काढत नाही." "माझे डोळे ठणठणीत आहेत!" अण्णा पिन बसवू लागले, ती दोनदा शेजारीच टोचली. मग त्यांनी पिन सोडून बायकोच्या हातातली बॅटरी स्वतः धरली. बायकोनं पिशवी पुन्हा बांधली.